झाडावर राखलेल्या शेंगा

सगळी गल्ली तिला ठिणगी म्हणायची आणि तिला ते आवडायचं. नवरा गेल्यावर सासूची लाँड्री तिने एकटीने चालवली, ती काही गोड बोलून नाही. धुवायला येणारे कपडे पांढरेशुभ्र, दवाखान्यातल्या नर्सबाईंचे. आणि नळाचं पाणी पावसाळाभर चहाच्या रंगाचं.

सगळी भिस्त परसातल्या शेवग्यावर. शेंगा झाडावरच खडखडीत वाळल्या की ती बिया सोलायची, कुटायची, पाण्यात कालवून गाळायची आणि ते दुधट पाणी पिंपात ओतायची. आधी भराभर ढवळायचं, मग संथ, मग पिंपाला कुणी धक्का लावायचा नाही. गाळ एकमेकाला धरून तळाशी बसायचा. वरच्या पाण्यात तिला स्वतःच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसायच्या.

त्या सकाळी झाड बोडकं होतं.

"शेंगा कुठायत?"

धाकटी जाऊ पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "रात्री यांचे साहेब जेवायला येतायत ना, ताई. कोवळ्या होत्या, रस्सा केला."

"माझं पावसाळाभराचं पाणी तू रश्श्यात घातलंस?"

दीर आरशापुढे भांग पाडत हसला. "वहिनी, एवढं काय त्यात? नळाला फडकं बांधा."

"फडक्याने हा गाळ अडला असता तर सासूबाईंनी झाड कशाला लावलं असतं? आधी तुझ्याच तोंडाला बांधते."

डब्यात जुन्या मूठभर बिया होत्या. आजचे कपडे निघतील, पण पुढचं काय? एकदा पिवळट कपडे परत गेले की दवाखाना दुसरी लाँड्री बघणार. ती बिया अशी कुटत होती की जाऊ दारातच थबकली.

"ताई, रागावलात?"

"छे! नाचतेय."

नर्सबाईंचे कपडे नितळ पाण्यात गेले. मग तिने नळाला फडकं बांधलं, बादली भरली आणि साहेबांसाठी काढून ठेवलेला दिराचा पांढरा शर्ट तीत बुडवला.

संध्याकाळी दोरीपाशी दीर किंचाळलाच. "वहिनी! हा काय रंग?"

"फडकं बांधूनच पाणी भरलंय. तू सांगितलंस तसं."

"साहेब येतील आता! मी घालू काय?"

"हाच घाल. आणि उद्या दोघं मिळून बाजार पालथा घाला. वाळक्या बिया मिळेपर्यंत या घरातले सगळे कपडे याच रंगाचे."

दीर जाऊकडे बघू लागला. जाऊ पातेल्याकडे. ठिणगी मात्र उरलेल्या नितळ पाण्याच्या पिंपाकडे पाठ करून उभी होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.