कुत्रं बसलं ती जागा

पावस गावाच्या अलीकडच्या त्या वाडीत तिशी-चाळिशीतलं एकही माणूस असं नाही, ज्याला गोदाकाकीने जगात आणलं नाही. सुईणपण कधीच सुटलं, काकीचा तोरा मात्र सुटला नाही. पोलीसपाटलालाही ती चारचौघांत "पायाळू जन्मलास, अजून सरळ चालत नायस" म्हणून मोकळी व्हायची.

महिपतही तिच्याच हातचा. त्याची बायको दीपाली दोन वर्षांपूर्वी नाहीशी झाली. माझ्याशी भांडून मुंबईला गेली, एवढंच तो सांगत राहिला. मग पोलिसांनी प्रेताचा वास काढणारं कुत्रं आणलं. ते घराभोवती फिरलं आणि मागीलदारी, न्हाणीच्या कडेला ठाण मांडून बसलं. खणलं, तर नुसती माती. प्रेत इथे पुरून नंतर हलवलं असणार, असं म्हणून त्यांनी महिपतला उचललं.

हे ऐकून काकी आधी हसली, मग चरकली. कुत्रं बसलं म्हणून पोराला जन्मठेप होणार! त्या जागी काय पुरलं होतं ते आता फक्त तिलाच ठाऊक होतं. महिपतच्या जन्माच्या वेळची, बाळामागून पडलेली वार. ती आपणहून रत्नागिरीला, महिपतच्या वकीलबाई मृणालीताईंकडे गेली.

कोर्टात आधी कुत्र्याला शिकवणारा हवालदार उभा राहिला.

"तिथे बाळंतिणीची वार पुरलेली असेल, तर कुत्रं बसेल?" मृणालीताईंनी विचारलं.

माणूस सरळ होता. "बसेल. आम्ही शिकवताना वारही वापरतो. माणसाचं कुजलेलं आहे, एवढंच त्याला कळतं. कुणाचं, ते नाही."

"अडतीस वर्षांनंतरही?"

"बसेलच असं नाही. बसणारच नाही, असंही सांगता येत नाही."

मग काकी उभी राहिली. "जागा तीच कशावरून?" मृणालीताईंनी विचारलं.

"मी चुकन काय? हातभर खड्डा केला, वार पुरली. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून वर जांभ्याचा चिरा बसवला नि माती लोटली. दोघी लागलो आमी तो सरकवायला."

सरकारी वकील पंचनामा घेऊन उठले. "चार फूट खोदले. तांबडी माती. हाड, भांडे, दगड, काहीही मिळाले नाही. मग तुमची वार कुठे आहे, आजी?"

"वार ऱ्हाते काय इतकी वर्सं? तिची कवाच माती झाली."

कोर्ट हसलं. वकील चडफडत खाली बसले. न्यायाधीश साहेब म्हणाले, "आजी, झालं. जा तुम्ही."

काकी हलली नाही. दगड मिळाला नाही? वारेची माती होते, चिऱ्याची होत नाही. म्हणजे पोलिसांच्या आधीच तिथे कुणीतरी खणलं होतं. कोर्टात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ती गुपचूप खाली उतरली असती, तर महिपत सुटत होता. महिपतकडे बघायचा तिला धीर होईना.

"साहेब," ती म्हणाली, "माझा चिरा कुठं गेला?"

मृणालीताईंचं पेन हातातच राहिलं.

"काकी," आरोपीच्या पिंजऱ्यातून महिपत बोलला. इतक्या तारखांत पहिल्यांदाच. "तू घरी जा आता."

तो इतकं मऊ कधीच बोलत नसे.