काळी तीन

लॅबच्या काउंटरवर मी फोन उचलते आणि "हॅलो" म्हणते. पलीकडून येतं, "सर, माझा थायरॉइडचा रिपोर्ट झाला का?" याचा मला आता राग येत नाही. निम्म्या मुलुंडची मी सर आहे. राग येतो तो पुढच्या वाक्याचा. मी बाई आहे हे लक्षात आलं की समोरचा माणूस घाईघाईने म्हणतो, "सॉरी सॉरी मॅडम, सर्दी झालीय का?" नाही झाली. या न झालेल्या सर्दीवर लोकांनी मला आल्याचा चहा पाजलाय, मिठाच्या गुळण्या करायला लावल्यात आणि एका भल्या गृहस्थाने तर आपल्या मेहुण्याचं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरचं, कार्डसुद्धा हातात ठेवलंय.

माझा आवाज बिघडलेला नाही. तो असाच आहे. एवढं साधं वाक्य चारचौघांत बोलायला मला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली आणि त्यातली नऊ वर्षं एका पेटीपायी गेली.

सुरुवात अर्थात घरापासून झाली. आई मालवणकडची. मी मोठ्याने धडा वाचायला लागले की स्टोव्हपाशी बसल्या जागेवरून ती ओरडायची, "हळू बोल गो, बापयासारखो आवाज तुझो!" बापयो म्हणजे पुरुष. शाळेतही तेच. प्रार्थनेला मी शेवटच्या रांगेत आणि स्नेहसंमेलनाला मात्र पहिल्या, कारण मुलींच्या शाळेत राक्षस, सावकार आणि इन्स्पेक्टर करायला दुसरं कोण होतं? तीन वर्षं काजळाची मिशी काढून मी स्टेजवर उभी राहिले. लोक टाळ्या पिटायचे. घरी येऊन मी खोबरेल तेलाने मिशी पुसायचे आणि रडायचे. गाणं मला मनापासून आवडायचं, पण गाणं म्हणायला कोणी मला कधी पुढे केलं नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीत महिला भजनी मंडळ आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते सहा, तळमजल्यावरच्या क्लब रूममध्ये. आम्ही चौदा जणी. तबला नाही, नुसते टाळ आणि पेटी. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर घर खायला उठलं म्हणून मी तिथे गेले. मंडळ चालवणाऱ्या बाईंना सगळ्या ताई म्हणतात. उत्साही, कामसू, स्वभावाने वाईट नाहीत, पण बोलताना समोरच्याला लागेल का हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. पहिल्या दिवशी मी जिवाच्या आकांताने त्या उंच सुराला लटकले. वरच्या ओळीला माझा आवाज फाटला. ताईंनी टाळ थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, तू असं कर ना, नुसते ओठ हलव. टाळ छान वाजवतेस तू!"

आणि मी नुसते ओठ हलवले. नऊ वर्षं. याचा मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त संताप येतो. लॅबमध्ये रिपोर्टला पाच मिनिटं उशीर झाला तर मी टेक्निशियनचं डोकं खाते आणि इथे पन्नाशीकडे झुकलेली घोडी मुकाट्याने मासोळीसारखं तोंड उघडत-मिटत बसले होते. का उठून गेले नाही? खरं सांगायचं तर गाण्याच्या मध्ये बसायला मिळत होतं म्हणून. आजूबाजूने सूर जात होते, अंगाला लागत होते. तेवढ्यावर मी भागवलं.

मग एक दिवस मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप घेतलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला: स्त्री की पुरुष? इथेही तेच! स्त्री दाबलं तर घसा ताणला, पुरुष दाबलं तर सूर पार पोटात गेला. चिडून मी बोटानेच तो सूर खाली-वर सरकवत बसले आणि एका जागी थांबले. काळी तीन. पेटीच्या ज्या सुराला आपण आपला 'सा' मानतो ती आपली पट्टी, आणि पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरूनच तिचं नाव पडतं. मंडळाची पट्टी काळी पाच, म्हणजे माझ्यापेक्षा चांगलीच वर. काळी तीनमध्ये मी 'सा' लावला आणि ओट्यावरचं स्टीलचं पातेलं हलकेच झणझणलं. मी घाबरून थांबले. पुन्हा लावला. पुन्हा झणझणलं. हा आवाज माझा होता आणि तो कुठेही फाटत नव्हता.

त्या दिवसापासून रोज सकाळी डबा झाला की स्वयंपाकघराची खिडकी लावून अर्धा तास मी गायचे. कोणाला सांगितलं नव्हतं. पण सोसायटीत असं काही लपत नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सकाळी फार सुंदर गाता हो तुम्ही, भरदार आवाज आहे." आणि माझा नवरा त्यांना म्हणाला, "थँक्यू." वर येऊन मला हसत हसत सांगतोय! मी म्हटलं, "अरे, थँक्यू काय थँक्यू? खाली जा आणि सांग, ती माझी बायको आहे म्हणून!" तो गेला, सांगून आला. म्हणाला, "त्यांचा विश्वास बसत नाहीये." मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. पण खरं सांगते, तिसऱ्या दिवशी मी खिडकी उघडी ठेवून गायले.

देवळाची भजन स्पर्धा जवळ आली. ताईंनी विचारलं, "एक अभंग कोण एकटीने घेणार?" माझा हात वर गेला. ताईंनी पेटीवाल्या काकांकडे पाहिलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, मंडळातले एकमेव पुरुष, पहिल्या दिवसापासून पेटी त्यांच्याच ताब्यात. त्यांनी विचारलं, "वहिनी, पट्टी कुठली तुमची?"

"काळी तीन."

काका हसले. "काळी तीन? अहो, बायकांची पट्टी काळी चार, काळी पाच. पुरुषांची काळी एक, काळी दोन. काळी तीन ना बायकांची, ना पुरुषांची."

"पण माझी आहे ना!"

"माझा हात काळी पाचवर बसलाय. आता या वयात नव्या पट्टीवर कुठे बोटं वळवू?"

म्हणजे अडचण त्यांच्या बोटांची होती आणि नऊ वर्षं शिक्षा माझ्या गळ्याला. हे तिथे सुचलं असतं तर बरं झालं असतं, जिना चढताना सुचलं. ताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुझ्या एकटीसाठी तेरा जणींची गैरसोय करायची का गं?" तेरा जणी खाली बघत होत्या. मीही खाली बघितलं. टाळ उचलले आणि ओठ हलवले.

पुढच्या आठवड्यात पेटीचा एक सूर अडकला. भाता हलवला की पट्टी न दाबताच शिट्टी वाजायची. दुरुस्तीवाला घाटकोपरहून गुरुवारी दुपारी येणार होता. माझी सकाळची ड्यूटी संपलेली, म्हणून क्लब रूमची किल्ली माझ्याकडे आली. त्याने मखमली खोळ काढली, पेटी आडवी-उभी फिरवून पाहिली आणि एका बाजूला नख लावून म्हणाला, "मॅडम, इथे चिकटपट्टी कोणी लावली?"

खोळीखाली, पेटीच्या कडेला, तपकिरी चिकटपट्टीचे तीन-चार थर होते. जुने, कडा काळ्या पडलेले. त्याने ते खरवडून काढले. आत पितळेचा एक खटका होता, नव्यासारखा चकचकीत.

"हा तर स्केल चेंजर आहे," तो म्हणाला. "एवढी भारी पेटी आणि हा कधी हलवलाच नाही तुम्ही लोकांनी?"

मी विचारलं, हलवला तर काय होतं. त्याने खटका दाबून सबंध पट्ट्यांचा पट्टा डावीकडे सरकवला. एक खाच, दोन, तीन, चार. मग काळी पाचवर बोट ठेवलं. सूर काळी तीनचा आला. "बोटं तिथेच," तो म्हणाला, "आवाज पाहिजे तिथे."

मी खुर्चीवर बसले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी नीट कळलं. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर, पाहुण्यांचे कप काचेच्या कपाटात कुलूपबंद, हे आमच्या सगळ्यांच्याच घरी आहे. माझ्याही आहे. पण सुराला चिकटपट्टी!

शुक्रवारी सगळ्या जमल्या. मी काकांसमोर चिकटपट्टीचा तो बोळा ठेवला आणि विचारलं, हे कोणी लावलं.

"मीच," काका म्हणाले. त्यांना काही वाटलंच नाही. "पेटी आणली तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, नाजूक काम आहे, जपून वापरा. म्हटलं, उगाच कोणी हात लावून बिघडवायला नको."

"आणि मी काळी तीन म्हटलं तेव्हा?"

"तेव्हा लक्षातच नाही आलं हो, वहिनी."

लक्षात नाही आलं! मी बोलायला लागले आणि आवाज खाली आणायचं विसरले. आयुष्यात पहिल्यांदा विसरले. क्लब रूमच्या खिडक्यांपर्यंत तो गेला असेल. म्हटलं, "काका, नऊ वर्षं मी इथे मुकी बसलेय. मला वाटलं, माझ्या गळ्यातच खोट आहे. लोकांनी मला सर म्हणावं, काढे पाजावेत, मिशा लावाव्यात, मी ऐकून घेतलं, कारण मलाही तेच वाटत होतं. आणि खोट होती या चार खाचांची! तुम्ही बोटं काळी पाचवरच ठेवा. खटका मी सरकवते."

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी वाकून खटका सरकवला, चार खाचा, आणि काकांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्याने भाता हातात घेतला.

मी अभंग घेतला. पहिली ओळ रागातच गेली, थोडी धावली. दुसरीला आवाज बसला. ज्या वरच्या जागी नऊ वर्षांपूर्वी मी फाटले होते तिथे मी आरामात गेले, थांबले, खाली आले. मग ध्रुवपद आलं आणि सवयीने सगळ्यांनी साथ धरली.

तेव्हा मला वेगळंच काहीतरी ऐकू आलं. नेहमीपेक्षा जास्त आवाज होते. मागून एक किनरा, पण मोकळा. डावीकडून एक थरथरता. आणि माझ्यानंतर महिन्याभराने मंडळात येऊन तेव्हापासून माझ्या उजव्या मांडीला मांडी लावून जी बसते, बी विंगमधली, कोशिंबिरीच्या कृतीपासून सुनेच्या तक्रारींपर्यंत जिचं सगळं मला पाठ आहे, तिचा आवाज. गोड, जाडसर, माझ्यासारखाच. तो मी कधी ऐकलाच नव्हता.

अभंग संपल्यावर मी तिच्याकडे वळले. "तू इतकी वर्षं काय करत होतीस गं?"

तिचे डोळे भरले होते. "ओठ हलवत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू गातेस."