जंगलात नेलेलं झाड

जंगलात झाड मी नेलं. समुद्राला मीठ पोचवणारा कुणी सापडेपर्यंत हा मान माझाच.

मी जंगल कार्यालयाची जीप चालवतो. आमचं जंगल बारमाही ओलं. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि त्यातल्या कित्येक झाडांचे सगेसोयरे जगात दुसरीकडे उरलेले नाहीत. गावाला पाणी देणारा ओढाही तिथूनच निघतो. एवढं सगळं असून त्याला 'संरक्षित' हा फलक अलीकडेच मिळाला. फलकाबरोबर पाहुणे आले, आणि पाहुण्यांच्या हस्ते काहीतरी व्हायलाच हवं, म्हणून साहेबांनी मला नर्सरीत पिटाळलं. रोप पिशवीतल्या मातीसकट मी ताडपत्रीखाली दडवून आत नेलं. बाहेरची माती आत न्यायची नाही, हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. सकाळी सकाळी आत्याची बोलणी नको होती.

आत्या फाटकावर असते. आत जाणाऱ्याचे बूट ब्रशने खरवडून औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायला लावायचे, एवढंच तिचं काम. बाहेरच्या मातीतून बुरशी येते आणि मुळं कुजवते. शेजारच्या डोंगरावरचं जंगल असंच उभ्या उभ्या वाळलं, रस्ता करायला आलेल्या यंत्राच्या चिखलाने. आत्याचं सासर तिथलं. ओढा आटला, तशी घरंही उठली. तेव्हापासून ती माणसाचं तोंड बघत नाही, तळवे बघते. झाडांची नावं तिला येत नाहीत. जंगल आवडतं म्हणावं तर तेही नाही. "जळवा न् चिखल, त्यात बघायचंय काय?" असं ती येणाऱ्याला तोंडावर विचारते.

पाहुणे आले. बूट आरशासारखे.

"पाय वर करा," आत्या म्हणाली.

"मावशी, पाहुणे आहेत," साहेब कुजबुजले.

"मग? पाहुण्यांना माती चिकटत नाही?"

पाहुणे हसले. "अहो, मी झाड लावायला आलोय."

"जंगलात?" आत्याने मागच्या डोंगरावर नजर फिरवली. "एक कमी पडलं वाटतं. कुठाय ते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपकडे पाहिलं.

"आत ठेवलंय, खड्ड्याजवळ," मी म्हणालो. "पिशवी फोडलेली नाही, आत्या."

"अक्कल फोडलीस की! आधी ते बाहेर येईल, मग हे आत जातील." आणि ती फाटकात आडवी उभी राहिली.

साहेबांनी आवाज खाली आणला. "मावशी, तुमचा करार या महिन्यात संपतोय. लक्षात आहे ना?"

घरात दुसरं कमावतं कुणी नाही, पण बोलणं राणीचं. "आहे की. पुढच्या महिन्यात घाला काय घालायचा तो गोंधळ. आज मी आहे."

मी पळत गेलो आणि तान्ह्या पोरासारखं खाली हात धरून ते रोप बाहेर आणलं.

शेवटी झाड लागलं फाटकाबाहेर, कार्यालयाच्या संडासामागे. जंगल दिसेल आणि संडास दिसणार नाही अशा कोनासाठी फोटोवाला अक्षरशः लोळला. पाहुणे म्हणाले, "हा हिरवा ठेवा आपण जपला." आपण! टाळ्या साहेबांनी सुरू केल्या.

मग पाहुण्यांना आत डोकवायची हौस आली. चामड्याचे बूट औषधात बुडवायला जीव होईना, तेव्हा साहेबांनी आत्याचे गमबूट उतरवून घेतले आणि धुऊन त्यांच्या पायात घातले. पाहुणे चार पावलं आत गेले, "काय शांतता आहे इथे!" असं फोनवर कुणाला तरी ओरडून सांगितलं, हाताला जळू चिकटताच धावत सुटले आणि थेट गाडीत बसले. गमबुटांसकट.

करार वाढला. साहेबांना कदर वाटली असं समजू नका. त्या औषधाच्या वासात दिवसभर उभं राहायला दुसरं कुणी मिळेना.

"झाड तू आणलंस," आत्या म्हणाली, "बूटही तूच आण."

मी पाहुण्यांच्या कार्यालयात फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "कोणत्या योजनेतले बूट?" मी फोन ठेवून दिला.

आत्या हल्ली चपलांवर उभी असते. औषधाने टाचा फुटल्यात. रोज सकाळी ती जीप अडवते, ताडपत्री उचलते, खाली वाकून बघते.

"आजही नाहीत?"

"मिळतील गं, आत्या."

"चाकं धू," ती म्हणते. "नीट."