देवदूताचा चेहरा

लंडनला गेलेली माणसं राजवाडा बघतात. मी बायकोला घेऊन दफनभूमी बघत होतो.

कारण सासूबाई! सासऱ्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आत वसईतल्या त्यांच्या कबरीवर सासूबाईंना गुडघे टेकलेला देवदूत हवा होता. सासऱ्यांचं आणि माझं कधी जमलंच नाही. (लग्नात त्यांच्या आशीर्वादाला गुडघे टेकायचे, तेव्हा मी फोटोग्राफरला अँगल समजावत होतो! ते राहिलं ते राहिलंच.) म्हटलं, निदान देवदूत तरी खासा निवडू.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ती दफनभूमी. जिकडेतिकडे देवदूत! मी या थडग्यावरून त्या थडग्याकडे कॅमेरा घेऊन नुसता धावत होतो.

"यल्ला, एक निवड आणि चल!" बायको, रोझी, आखातातल्या सवयीनं करवादली. "पाय गेले माझे!"

शेवटी एक पसंत पडला. उंची कळावी म्हणून मी शेजारी उभा राहिलो, रोझीनं फोटो काढला आणि तोच वसईच्या पाथरवटाला पाठवला.

कतारला, दोह्यातल्या नोकरीवर परतलो आणि ऐन मीटिंगमध्ये त्याचा फोन.

"साहेब, देवदूताला तोंडच नाय! नाक-डोळे पार झिजलेत."

इंग्लंडच्या पावसाचा प्रताप! इकडे बॉस डोळे वटारून बघत होता.

"अहो, फोटो नीट झूम करा, सापडेल चेहरा. खलास!" मी फोन ठेवला.

पुण्यतिथीला रजा मिळाली नाही. दोह्यातच, मदिनत खलिफा भागातल्या आमच्या घरी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. मी हॉलभर येरझारा घालत होतो.

"बस रे एका जागी, मलाच चक्कर येतेय!" रोझी म्हणाली.

तिकडे फादरनी कापड ओढलं. पंख झकास! जोडलेले हात सुरेख! आणि चेहऱ्यावर... चष्मा? दुहेरी हनुवटी?

"डॅड, दॅट्स यू!" लेक किंचाळली.

फोटोत दिसणारा एकुलता एक चेहरा पाथरवटाला इमानेइतबारे सापडला होता! फादरना खोकल्याची उबळ आली. मला वायफाय उपटून फेकावंसं वाटलं.

"मम्मी, मी लगेच बदलून घेतो!"

सासूबाईंनी पदरानं देवदूताचा चष्मा पुसला.

"राहू दे," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "जावयानं एकदा तरी आपल्यापुढे गुडघे टेकावेत, एवढीच ह्यांची इच्छा होती."

ती पुरी झाली. आता सासरे म्हणाले "ऊठ", तरी मला उठता यायचं नाही!