झेरॉक्सच्या दुकानात तिचा नंबर

पोरांनो, आज दुपारी धारूरला गेलतो. डोकं अजून तापलेलंच हाय.

आधारची प्रिंट काढायची होती. आपण सगळे करतो तसा दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. गर्दी लई होती. तो म्हणाला, "तूच बस कॉम्प्युटरवर, डाउनलोडमधी शोध तुझं."

शोधता शोधता कुणीतरी भरलेला एक फॉर्म उघडला, तर तो तिचा. कॉलेज सुटलं, पण वर्गातली जी पोरगी डोक्यातून सुटली न्हाई, तीच. फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाईल नंबर. या नंबरासाठी मी किती जणांच्या विनवण्या केल्या, ते दोस्तांना माहीत हाय.

खोटं कशाला बोलू, खिशातून मोबाईल काढला होता. तेवढ्यात मागं बघितलं. रांगेतले चौघं माझ्या खांद्यावरून तिचाच फोटो बघत होते. माझ्यासारखाच त्यांनाही तो फुकट मिळाला होता.

फॉर्म बंद केला, माझी प्रिंट काढली. "भाऊ, काम झालेल्या लोकांचं हे सगळं उडवा."

"तुझं काय जातंय बे?"

"माझं कार्ड बी यातच हाय. उडवल्याशिवाय खुर्ची सोडत न्हाई."

रांगेतले हसले, दुकानदार शिव्या देत राहिला. पण मी उठलो न्हाई. शेवटी त्यानं सगळं उडवलं, रिसायकल बिनसुद्धा मी रिकामं करून घेतलं.

तुमच्या घरच्यांची कार्डं कोणत्या दुकानात पडलीत, सांगता येईल का? प्रिंट हातात आली की समोर उभं राहून फाईल उडवून घ्या. मी तर आता दर वेळी भांडणार.

आन् तिचा नंबर? तिनं दिला तरच घेईन. पहिले चार आकडे पाठ झालेत, तेवढे विसरायचं बघतोय.