पालखीसमोर गमबूट

माझ्या धाकट्या जावेला, मैनाला, कोणी बिचारी म्हटलं की माझं टाळकं सटकतं. घोट्यावर फुलकोबीसारखी खडबडीत गाठ घेऊन ही बाई वर्षानुवर्षं चिखलात लावणी करत होती. सुरुवात कसली, तर करवंदीचा काटा. भातरोपांची जमीन भाजायला पाला-फांद्या लागतात, म्हणून आम्ही बायका रानात अनवाणीच कवळ तोडायला जातो. काटे रुततात, उपटून टाकतो. हिचा पाय मात्र सुजला नि गाठ वाढतच गेली.

गावाने लगेच ठरवलं, महारोग. देवीच्या पालखीचा मानकरी गंगाराम, म्हणजे आमचा चुलतदीरच. त्याने शिमग्यात पालखी आमचं घर वगळून नेली. मैना ओटीचं ताट घेऊन दारापुढच्या खळ्यात उभी, आणि ढोल पुढच्या वाडीत! त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणाली, पुढच्या शिमग्याला देवी माझ्या दारात थांबली पाहिजे.

रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. महारोग नव्हताच, आणि असता तरी त्यालाही औषध आहेच की. काट्याबरोबर मातीतली बुरशी कातडीच्या खालच्या थरात शिरली होती. क्वचितच होतं म्हणे असं, पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या महिनोन् महिने, आणि मातीत उघडा पाय अजिबात ठेवायचा नाही. मैनाने गमबूट घेतले. गोळ्यांनी मळमळायचं, तरी एक चुकवली नाही. गाठ बसत चालली. मग स्वतः गंगारामाच्या पडवीत जाऊन सगळं सांगून आली. त्याने मान डोलावली.

यंदा पालखी आमच्या खळ्यात शिरली, आणि गंगारामाची नजर बुटांवर गेली. पालखीसमोर आमच्या गावात कोणी पायात काही घालत नाही. बूट काढ, नाहीतर ओटीसाठी पालखी खाली उतरणार नाही, म्हणाला. म्हणजे पाय उघडा तर रोग, झाकला तर पाप! मी भांडायला पुढे झाले, तर मैनाने मला हाताने मागे सारलं.

"भावजी, हा पाय मी मोठ्या मुश्किलीने परत मिळवतेय. बूट निघणार नाहीत."

पालखी खांद्यांवरच राहिली, घराला अगदी लागून. तशी ही बाई बुटांसकट जोत्यावर चढली, हात लांबवले आणि वरूनच देवीची ओटी भरली. ढोलवाले बघत राहिले. कोणी अडवलं नाही.

नमस्कार करून ती गंगारामाला म्हणाली, "आता उतरवायची तर उतरवा. माझं झालंय."