मल्लाप्पाची परवानगी

वडगावात कुणाचा कंप्युटर अडला की एकच नाव निघायचं. मल्लाप्पाला बोलवा. मी गुणाबाई, त्याची शेजारीण. नवरा गेल्यापास्नं घरातले माग माझी मीच चालवते. आता गल्लीत जो उठतो त्यो मल्लाप्पाला येडा म्हणतोय, आणि असं म्हणणाऱ्याच्या मुस्काटात द्यावी वाटती मला. मल्लाप्पालाबी एक ठेवून द्यावी वाटती, ती गोष्ट वेगळी.

त्याचा धंदा साडीच्या काठाची नक्षी काढायचा. आधी चौकटीच्या कागदावर काढायचा, एकेक घर पेन्सिलीनं भरत. त्यावरनं भोकं पाडलेले पुठ्ठे व्हायचे आणि ते मागावर चढायचे. पुढं पुठ्ठे गेले, मागाला कंप्युटरचा डबा बसला. मल्लाप्पानं मग गल्लीतल्या घराघराचा काठ आपल्या हातानं कंप्युटरात उतरवला. माझ्या सासूचा रुईफुलाचा काठ, पलीकडच्या भरमूच्या आज्याचा कोयरीचा, सगळे. ह्या काठांवरच वडगावची वळख. व्यापारी तेवढ्यासाठी आमच्या दारात येतोय, न्हाईतर साड्या काय कुठंबी मिळतात. काठ बदलायचा असला की पेन ड्राइव्ह घेऊन मल्लाप्पाकडं जायचं, आधीची पुसून नवी नक्षी घ्यायची, मागाच्या डब्यात भरायची. जुने पुठ्ठे आम्ही भंगारात घातले. घरात उंदरं पोसायला कशाला ठेवायचे, मल्लाप्पाकडं हाय की सगळं!

त्याचा नक्षीचा प्रोग्राम लई जुना. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. मल्लाप्पानं नवा कंप्युटर घेतला तर त्यो ह्या प्रोग्रामला दारातच अडवायला लागला. पाटी यायची, ‘हा प्रोग्राम अनोळखी आहे, धोका असू शकतो, म्हणून बंद केला आहे.’ मल्लाप्पा तापायचा. “माझ्याच घरात मला इचारतंय, तू कोण म्हणून! ह्याच्या आयला!” मग बसून बसून त्यानं शोधून काढलं, कुठं दाबलं की परवानगी मिळती ते.

झालं, मल्लाप्पा गल्लीचा पुढारी झाला. कुणाचा जुना प्रिंटर चालंना, कुणाचं मराठी टायपिंग उघडंना, कुणाच्या पोरीचा चित्रं काढायचा प्रोग्राम अडकलेला. मल्लाप्पा जायचा, चार ठिकाणी दाबायचा, पाटी गायब. “ते भुंकतंय, भुंकू दे,” म्हणायचा. “आपण आत जायचं.” लोक चहा पाजायचे, पाठ थोपटायचे. बायको लौकर गेलेली, घर भकास. ह्या मानानं त्याचं तोंड उजळायचं, मी बघितलंय. मलाबी बरं वाटायचं.

त्याची पोरगी रक्षा बेळगावात एका ऑफिसात कंप्युटर सांभाळायला हाय. एका रविवारी तिनं बापाला माझ्यासमोरच धरलं.

“आप्पा, सगळंच सोडू नका आत. आपला प्रोग्राम जुना हाय, त्याची वळख पटत न्हाय म्हणून अडवतंय. तेवढ्या एकाला परवानगी द्या. बाकीच्याला अडवलं तर आधी मला इचारा.”

“आजवर जेवढं अडवलं ते सगळं खोटंच निघालं की गं.”

“आजवर. एकदा खरं निघालं की बसंल सगळं बोंबलत.”

“तू सुम्म गप बस,” म्हणाला. “बापाला शिकवालीस?”

मी हसले तवा. पोरगी रागानं चप्पल घालून गेली.

लगनसराईच्या तोंडावर त्याला एकाचा फोन आला. मोठा व्यापारी हाय म्हणाला. “मी पाठवतो ती फाइल टाका, साडीचा नुसता फोटो घाला, काठ आपोआप तयार.” मल्लाप्पाचे डोळे अलीकडं पाण्यानं भरायचे, बारीक घरं दिसत न्हवती. असलं मिळालं तर त्याला देवच पावल्यागत. मी त्या सकाळी नक्षी न्यायला गेलते. कंप्युटरनं फाइल अडवली. मल्लाप्पानं परवानगी दिली. परत अडवली. परत दिली. तिसऱ्यांदा तांबडी पाटी आली तसा त्यो खवळला आणि अडवणारा आतला राखणदारच पुरता बंद करून टाकला.

“बघ आक्का, कसा गप बसवला!”

दुपारी त्याची हाक ऐकू आली. तसली हाक मी त्याची बायको गेली तवाच ऐकलेली. जाऊन बघते तर सगळ्या नक्ष्यांची नावं बदललेली, एकबी उघडंना. खाली इंग्रजीत कुणीतरी पैसे मागितलेले. नक्ष्यांची नक्कल जपून ठेवायची म्हणून दुसरी डिस्क होती, ती नेमकी त्याच वेळी जोडलेली. तीबी गेली. रक्षा बसनं धावत आली, बघितलं, आणि कंप्युटरची वायरच उपसली. पैसे भरले तरी ह्याचा भरवसा न्हाय, म्हणाली.

मागाच्या डब्यात जो काठ भरलेला होता तेवढाच आता निघणार. त्या सकाळी माझी नक्षी घ्यायची ऱ्हाऊनच गेली, म्हणून माझ्या मागावर नेमका साधा काठ होता, बाजारात ढिगानं मिळणारा. व्यापाऱ्यानं दारात उभा राहून बघितलं आणि म्हणाला, असला तर मला सुरतेहून येतोय. भरमूचा डबा तर नेमका रिकामा होता, त्याचा माग गपच पडला. त्यो मल्लाप्पाच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. “आज्याचा काठ दे माझा,” एवढंच म्हणायचा. मल्लाप्पा आतनं ऐकायचा. जेवण सोडलं, दाढी वाढली, कंप्युटरवर चादर टाकली.

मग भरमूलाच आठवलं. निपाणीच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला मल्लाप्पानं पूर्वी सगळ्या काठांची सीडी करून दिलेली. भरमू त्याच पावली बस धरून गेला आणि सांच्याला सीडी घेऊन आला. रक्षानं तवर कंप्युटर पुसून साफ केलता, जुना प्रोग्राम परत घातलता. सीडी तपासली, तशीच धडधाकट! गल्लीत कुणी नारळ आणायला पळालं. मला तर रडूच आलं.

फक्त उघडायला त्यो जुना प्रोग्राम पायजे. त्या प्रोग्रामला चावी म्हणून बोटाएवढी एक कांडी लागती, कंप्युटरला जोडायची. ती जोडल्याबिगर प्रोग्राम हलत न्हाय, आणि दुसरी करून देणारी कंपनीच उरली न्हाय. ती कांडी मल्लाप्पाच्या खिशात असायची. रक्षानं बापाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, प्रोग्राम चालू केला. आणि पडद्यावर तीच पाटी. अनोळखी आहे, धोका असू शकतो.

मल्लाप्पानं खुर्ची मागं सरकवली.

“आप्पा, ह्यो आपलाच हाय. मी तपासलाय. ह्या एकालाच सोडायचं, राखणदार चालूच ठेवायचा. कांडी लावा.”

“आणि हेबी तसलंच निघालं तर?”

“न्हाय निघणार.”

“त्या दिवशी मलाबी तसंच वाटलंतं.”

“लाव की रं!” दारातनं भरमू वरडला. “आता सोवळा झालास व्हय?”

“दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पी बाबा,” मी म्हणाले, “पण पी तरी!”

मल्लाप्पानं खिशातनं कांडी काढली. तिच्याकडं बघत उठला आणि मधल्या दारानं मागच्या खोलीत गेला. आम्हाला वाटलं, तोंडावर पाणी मारायला गेला असंल. मग हातोडीचा आवाज आला. एक, आणि लगोलग दुसरा.

मी धावले. दगडी फरशीवर कांडीचा चुरा पडलेला. मी त्याची कॉलर धरली, तोंडाला येईल ते बोलले, बापजाद्यांचा उद्धार केला. भरमू दाराला डोकं टेकून हुंदके देत होता. रक्षा खाली बसून ते तुकडे वेचत होती, जोडून बघत होती, पोरगी शिकलेली असून.

मल्लाप्पा तेवढा शांत. कितीतरी दिवसांनी त्याचं कपाळ मोकळं दिसत होतं. माझा हात कॉलरवरनं हळूच सोडवला.

“रडू नको आक्का,” म्हणाला. “बंद केलंय मी. आता कुणाचं कायबी जायचं न्हाय.”